लाहौलमध्ये तंदूर बसतो तेव्हा

तंदूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मातीची भट्टी, लांब सळई आणि गरमागरम रोटी येते. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात मात्र तंदूर म्हणजे खोलीत मधोमध ठेवलेली पत्र्याची पेटी. तिच्या पोटात लाकूड जळतं, डोक्यावर किटली असते आणि मागून निघालेला पाइप छतातून पार होऊन थेट आभाळात जातो. काश्मीरमध्ये याच कामाच्या शेगडीला बुखारी म्हणतात. नावं वेगळी असली तरी काम एकच, घरातल्या माणसांना हिवाळ्यातून सुखरूप बाहेर काढणं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी मैत्रीण तीन आठवडे केलाँगजवळच्या एका गावात राहायला होतो. लॅपटॉपवरचं काम कुठूनही करता येतं, मग थोडे दिवस डोंगरात का करू नये, एवढाच विचार होता. आम्ही राहत होतो त्या घरात नेमका त्याच वेळी नवा तंदूर बसत होता. पर्यटनाला गेल्यावर आपण बर्फ बघतो, नदी बघतो, मठ बघतो. या वेळी मात्र एका घराची हिवाळ्याची तयारी बघायला मिळाली आणि तीच सगळ्यात जास्त लक्षात राहिली.

बोगद्यापलीकडचं खोरं

मनालीहून लाहौलला जायचं तर पूर्वी ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट ओलांडावा लागायचा. हिवाळ्यात घाटावर बर्फ साचलं की रस्ता बंद व्हायचा आणि पलीकडचं खोरं कित्येक महिने जगापासून तुटायचं. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचं उद्घाटन झालं आणि चित्र बदललं. ९.०२ किलोमीटरच्या या बोगद्यातून गाडी काही मिनिटांत पलीकडे निघते. मनालीच्या बाजूला हिरवीगार देवदारं होती, इथे एकदम उघडे, तपकिरी डोंगर दिसतात. पीर पंजाल रांगेच्या पलीकडे पावसाळी ढग फारसे पोचत नाहीत, म्हणून इथे पाऊस कमी आणि बर्फ जास्त.

सिस्सू मागे टाकून पुढे गेलं की तांदी येतं. इथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या एकत्र येतात आणि चंद्रभागा होतात. हीच पुढे चिनाब. मराठी माणसाला चंद्रभागा म्हटलं की पंढरपूर आठवणारच. आम्हीही पुलावर थांबून नकळत हात जोडले. तांदीहून भागेच्या काठाने थोडं पुढे गेलं की केलाँग, लाहौल-स्पीती जिल्ह्याचं मुख्यालय. उंची ३,००० मीटरपेक्षा थोडी जास्त.

झाडं इथे जपून मोजावी इतकीच. गावाच्या आसपास जी दिसतात ती बहुतेक माणसांनी लावलेली विलोची आणि पॉपलरची. क्रिकेटच्या बॅटी ज्या विलोपासून होतात, त्याच कुळातली ही झाडं. त्यांच्या फांद्या डोक्याच्या उंचीवर छाटतात. बुंधा तसाच राहतो आणि काही वर्षांनी नव्या फांद्या पुन्हा सरपणाजोग्या होतात. पानं गुरांना, फांद्या चुलीला. सरकारी डेपोतूनही लाकूड मिळतं, पण कोणत्याही घरात ते मोजूनमापूनच वापरलं जातं.

आपला बंब आणि त्यांचा हमाम

आमच्या घरातली माणसं म्हणजे दादाजी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. मुलाला आम्ही भैया म्हणायचो आणि सुनेला भाभी. अंगणात तांब्याचं एक उंच भांडं होतं. मधून नळी, खाली जाळ, बाजूला तोटी. ते बघून मी ओरडलेच, "अरे, हा तर आमचा बंब!" भाभी हसून म्हणाल्या, "हा हमाम आहे." मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे आजीच्या घरी दिवाळीच्या पहाटे असाच बंब पेटायचा.

तंदूर समजून घ्यायला हा बंब फार उपयोगी पडतो. बंबाच्या मधल्या नळीतून धूर वर का जातो? गरम हवा हलकी असते, ती वर चढते. ती वर गेली की खाली जागा रिकामी होते, तिथे बाहेरची थंड हवा ओढली जाते आणि त्या हवेवर जाळ पेटता राहतो. तंदुराचं तंत्रही हेच. नळी जितकी उंच आणि आतून जितकी गरम, तितकी ओढ चांगली. ओढ चांगली असली की धूर खोलीत येत नाही. आपल्या जुन्या घरांत चुलीवर धुराडं असायचं तेही याच कारणासाठी. फरक एवढाच की चुलीचा अर्धा धूर तरी घरातच फिरायचा आणि आजीचे डोळे चुरचुरायचे. तंदुराचं दार बंद असतं, त्यामुळे धुराला वरच जावं लागतं.

एक खोली की चार?

बोगदा झाल्यापासून हिवाळ्यातही पर्यटक येऊ लागले. म्हणून भैयांनी जुन्या घराला लागून चार नव्या खोल्या बांधल्या होत्या. सिमेंटच्या भिंती, उतरतं पत्र्याचं छप्पर, आतून पाइनच्या फळ्यांचं देखणं छत, सरकत्या काचांच्या खिडक्या. कर्ज काढून केलेलं काम. आता प्रश्न होता, या खोल्या गरम कशा ठेवायच्या?

भैयांचं म्हणणं होतं की विजेचे हीटर लावू आणि वीज गेली तर पाहुण्यांना कोळशाची अंगीठी देऊ. जोराचं बर्फ पडलं की इथे वीज जाते, कधी कधी बराच वेळ येत नाही. तंदूर बसवायचा तर नव्या छताला भोक पाडावं लागणार होतं आणि त्या फळ्यांवर त्यांनी हौसेने पैसे घातले होते. शिवाय चार खोल्यांना चार तंदूर म्हणजे चौपट सरपण.

दादाजी अंगीठीचं नाव काढताच थांबले. फार बोलणारे नव्हतेच, पण त्या दिवशी स्पष्ट म्हणाले, "जुन्या घराला फटी होत्या. या खोलीला एक फट नाही. इथे अंगीठी ठेवली तर सकाळी पाहुणा उठणार नाही."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. कोळसा किंवा लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात गेला की रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेऊ शकत नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. धुमसणाऱ्या कोळशातून धूर दिसत नाही, म्हणून लोकांना ती अंगीठी सुरक्षित वाटते, आणि तिथेच घात होतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. आपल्याकडे महाबळेश्वर-तोरणमाळला थंडीत खोलीत शेगडी मागणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं.

दोन दिवस घरात तणाव होता. जेवताना कुणी फारसं बोलत नव्हतं. तोडगा शेवटी भाभींनी काढला. त्या म्हणाल्या, "आपण हिवाळ्यात काय करतो? सगळे एकाच खोलीत राहतो. पाहुण्यांनीही तसंच करावं." लाहौलमध्ये थंडी वाढली की कुटुंब एका खोलीत गोळा होतं. स्वयंपाक, अभ्यास, विणकाम, गप्पा, सगळं त्या एका तंदुराभोवती. तेव्हा ठरलं की चार खोल्यांच्या मधल्या मोठ्या बैठकीत एकच चांगला तंदूर बसवायचा. पाहुण्यांनी संध्याकाळ तिथे घालवायची आणि झोपायला आपापल्या खोलीत जायचं, जाड रजया आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन. सरपण एका तंदुराचं आणि झोपायच्या खोलीत विस्तव नाहीच.

छतातून आभाळापर्यंत

मनालीहून मिस्त्रीजी आले. सोबत जाड पत्र्याचा तंदूर, पाइपचे तुकडे आणि एक पोतंभर सामान. काम दोन दिवस चाललं. मी लॅपटॉप बंद करून बघतच बसले.

पहिली गोष्ट जागेची. तंदूर कोपऱ्यात ढकलला की जागा वाचते, पण उष्णता भिंतीला जाते आणि लाकडी फळ्या तापतात. मिस्त्रीजींनी हाताने मोजलं. लाकडी भिंतीपासून तंदूर दोन हात लांब, म्हणजे ३ फूट. पाइप लाकडापासून एक हात लांब, म्हणजे दीड फूट. खाली जमिनीवर दगडी पाट्या अंथरल्या, त्या तंदुराच्या दारापुढेही बऱ्याच पुढपर्यंत. दार उघडल्यावर ठिणगी किंवा निखारा पडला तर तो दगडावर पडावा, गालिच्यावर नाही.

दुसरी गोष्ट पाइपच्या रेषेची. भैयांना वाटत होतं, पाइप भिंतीतून बाहेर काढावा म्हणजे छत वाचेल. मिस्त्रीजी म्हणाले, "धुराला वळण आवडत नाही." प्रत्येक कोपऱ्यावर ओढ कमी होते आणि काजळी साचते. शिवाय बाहेरून वर नेलेला पाइप थंडीत गार पडतो, धूर आतच गारठतो आणि त्याचा डांबरासारखा चिकटा तयार होतो. सरळ वर गेलेला पाइप खोलीतून जाताना खोलीलाही ऊब देतो. भैयांनी एकदा फळ्यांकडे बघितलं आणि मान डोलावली.

तिसरी गोष्ट सांध्यांची, आणि इथे मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. मिस्त्रीजी वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत घालत होते. भैया म्हणाले, "उलटं करा, नाहीतर धूर फटीतून बाहेर येईल." मिस्त्रीजी हसले. ओढ नीट असेल तर पाइपमधला धूर वर खेचला जातो, फटीतून बाहेर ढकलला जात नाही. उलट खोलीतलीच हवा फटीतून आत जाते. बाहेर येतो तो चिकटा, कारण तो खाली ओघळतो. वरचा पाइप खालच्याच्या आत असला तर ओघळ आतल्या आत खाली जाऊन जळून जातो. उलटं जोडलं तर तोच काळा ओघळ पाइपवरून खोलीत उतरतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारले, म्हणजे वाऱ्याने पाइप हलला तरी सुटणार नाही.

मग आला छतावर करवत चालवण्याचा क्षण. भैया बाहेर निघून गेले. पाइप सहा इंचांचा, पण भोक त्याच्या कितीतरी मोठं कापलं. पाइपभोवती आणखी एक रुंद नळी, दोघांच्या मध्ये मोकळी हवा, आणि वर-खाली पत्र्याच्या तबकड्या. तापलेला पाइप कुठेही लाकडाला लागता कामा नये. लाकूड रोज थोडं थोडं तापत राहिलं की कोरडं होऊन पुढे कमी उष्णतेलाही पेट घेऊ शकतं. मोकळ्या जागेत थर्माकोल किंवा फोम भरायचा मोह होतो, तो टाळायचा.

छपरावरचं काम बघायला आम्ही शिडी लावून चढलो. पाइप छपराच्या माथ्याजवळच बाहेर काढला होता. कारण पत्र्यावरून बर्फाचा थर घसरतो तेव्हा वाटेतलं सगळं मोडून नेतो. माथ्याजवळ वरून घसरणारं बर्फच कमी. पाइपभोवतीच्या पत्र्याची वरची कड छपराच्या पत्र्याखाली सरकवली आणि खालची कड वर ठेवली, म्हणजे वितळलेलं पाणी वरून वाहून जातं. उंचीचा सर्वमान्य नियम असा, पाइप छपरातून बाहेर येतो तिथून किमान ३ फूट वर हवा आणि १० फुटांच्या आत जो भाग सगळ्यात उंच असेल त्याहून २ फूट वर. नाहीतर छपरावरून येणारा वारा धूर पुन्हा खाली ढकलतो. शेवटी तारांनी ताण दिला आणि टोकावर टोपी बसवली, बर्फ आत पडू नये पण धूर अडू नये इतकी उंच.

एवढं झाल्यावर मिस्त्रीजींनी खिडकीच्या वर वीतभर झरोका ठेवायला लावला. बंद खोलीत तंदूर हवा ओढणार कुठून? हवा आली नाही तर ओढ मंदावते आणि धूर उलटा फिरतो.

पहिला जाळ

पहिला जाळ लहानच करायचा असतो. नव्या पत्र्याचा आणि रंगाचा वास जाईपर्यंत सगळ्या खिडक्या उघड्या. मिस्त्रीजींनी आधी वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून पाइपच्या तोंडाशी धरला. आतली गार हवा गरम होऊन वर गेली आणि ओढ सुरू झाल्याचा हलका घुमणारा आवाज आला. मगच काड्या, मग ढलप्या, मग विलोचं लाकूड.

नात धावत अंगणात गेली आणि तिथून ओरडली, "निकल रहा है!" टोपीखालून पांढरा धूर निघत होता. थोड्या वेळाने तो दिसेनासा झाला. दादाजी म्हणाले, हीच चांगल्या जाळाची खूण. धूर दाट राहिला तर समजायचं लाकूड ओलं आहे.

लाकूड हा तर वेगळाच विषय. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास अर्धं पाणीही असू शकतं. ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते आणि चिकटा वाढतो तो वेगळाच. म्हणून लाकूड फोडून, खाली ओंडके ठेवून, वर झाकून किमान सहा महिने ते वर्षभर वाळवतात. भाभी दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायच्या. टणटण वाजलं तर वाळलेलं, भद्द वाजलं तर परत ढिगात.

तंदुराचे पदार्थ साधे. किटलीत पाणी, पातेल्यात थुक्पा, कडेला भाजलेला बटाटा. इतक्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ कुकरशिवाय शिजतच नाही. संध्याकाळी भाभी तंदुराजवळ बसून लोकरीचे मोजे विणायच्या. नक्षीदार लाहौली मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मी एक जोड घेतला, मैत्रिणीने तीन.

राखही वाया जात नाही. ती भांडी घासायला, शेतात टाकायला, आणि वसंतात बर्फावर पसरायला वापरतात. पांढरं बर्फ ऊन परतवतं, काळपट राख किंवा माती ते शोषते, त्यामुळे बर्फ लवकर वितळतं आणि पेरणीला काही दिवस अधिक मिळतात. उन्हाळा इतका छोटा असला की एकेका दिवसाचं मोल असतं.

जानेवारीत भाभींचा व्हॉइस मेसेज आला. तीन दिवस बर्फ पडत होतं, वीज नव्हती, दोन कुटुंबं मुक्कामाला होती आणि बोगद्याकडचा रस्ता बंद होता. सगळे एकाच बैठकीत पत्ते खेळत होते. मागून भैयांचा आवाज येत होता, ते पाहुण्यांना समजावत होते की वरचा पाइप खालच्या पाइपच्या आत का घालतात.

तुम्ही जाणार असाल तर

मनाली ते केलाँग हे अंतर बोगद्यामुळे साधारण ७० किलोमीटर उरलं आहे. बर्फ कमी आणि लाहौल शांत हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. हिवाळ्यात जात असाल तर परतीला दोन-तीन दिवस हाताशी ठेवा, कारण मोठं बर्फ पडलं की रस्ता बंद होतो.

खोली घेताना ती गरम कशी ठेवतात हे आधी विचारा. धूर छताबाहेर जाणारा तंदूर असेल तर चांगलं, उघडी अंगीठी असेल तर नम्रपणे नको म्हणा. तंदूर असला तरी झरोका बंद करू नका आणि झोपण्यापूर्वी घरच्यांना जाळ बघायला सांगा. खोलीत विस्तव असताना डोकं दुखू लागलं, मळमळलं, चक्कर आली आणि हे एकाहून अधिक जणांना होत असेल, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन आधी मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना गाठा. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र मिळतं, ते बॅगेत सहज मावतं.

लहान मुलं सोबत असतील तर पाइप किती तापतो हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगा. ओले मोजे पाइपवर टाकू नका आणि चिप्सची पाकिटं जाळात घालू नका. त्यांचा धूर विषारी असतो आणि पाइपही खराब होतो. तो पाइप दर महिन्याला उतरवून, काजळी झाडून पुन्हा बसवावा लागतो. साचलेला चिकटा पेटला तर पाइपच्या आतच आग लागते. हे काम बर्फातही घरातलंच कुणीतरी करत असतं.

आणि सरपण फुकट मागू नका. बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात, ते आनंदाने द्या. ते लाकूड कुणीतरी उन्हाळाभर फोडून, रचून, वाळवून ठेवलेलं असतं.